दोन ईस्टर सोमवार : एका राष्ट्रजन्माच्या रूपकाविषयी

१

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात ‘युद्ध आणि साहित्य’ या विषयावर झालेल्या चर्चासत्राला आम्ही दोघे उपस्थित होतो. आम्ही मराठीचे प्राध्यापक. तौलनिक साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना इंग्रजीच्या सहकाऱ्यांची दारे वारंवार ठोठवावी लागतात, त्या निमित्ताने अशा ठिकाणी आमचे जाणे होते. बीजभाषणात वक्त्यांनी कॅनेडियन साहित्याचा आढावा घेतला आणि आरंभीच सांगून टाकले की, ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समधील विमीच्या कड्यावर कॅनडा या राष्ट्राचा जन्म झाला. त्यानंतरचे सारे साहित्य म्हणजे त्या राष्ट्राचा आत्मशोध. सभागृहाने माना डोलावल्या. विद्यार्थ्यांनी वाक्य वहीत उतरवून घेतले. आभारप्रदर्शन करणाऱ्यांनी तेच वाक्य जरा चढ्या आवाजात पुन्हा ऐकवले. प्रश्नोत्तरांच्या वेळी आम्ही विचारले, की हे विधान इतिहासाचे आहे की रूपकाचे? उत्तर मिळाले : ‘हे सर्वमान्य आहे.’

या सर्वमान्यतेशीच आमचे भांडण आहे, आणि प्रस्तुत लेखाचा प्रपंच त्यासाठी. कॅनडाच्या सैन्याने पहिल्या महायुद्धात काय केले, याची चर्चा मराठीच्या प्राध्यापकांनी का करावी, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की रूपके तपासणे हे आमचे नेमून दिलेले काम आहे. एखादी लढाई भाषेत शिरून शब्द कशी बनते, हे ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागू नये. आपण पराभवाचा शब्द केला, त्यांनी विजयाचे जन्मस्थान केले, प्रक्रिया एकच. दुसरे उत्तर असे, की ज्या युद्धात हे राष्ट्र जन्मले असे सांगितले जाते, त्याच युद्धात, काही वेळा त्याच टेकाडावर, आपल्या देशातले सैनिकही मरत होते. त्यांच्या मरणातून कोणते राष्ट्र जन्मले, हा प्रश्न त्या सभागृहात कोणालाही पडला नाही. तो का पडला नाही, हे सांगण्यासाठी आम्ही लिहीत आहोत.

२

आधी जे निर्विवाद आहे ते मान्य करू. विमीची लढाई ही सैनिकी दृष्ट्या असामान्य कामगिरी होती. ९ एप्रिल १९१७, ईस्टरनंतरचा सोमवार. पहाटे साडेपाचला, गारांच्या वादळात, कॅनेडियन कोअरची चारही डिव्हिजन्स प्रथमच एकत्र चढाईला निघाली. त्याआधी आठवडाभर तोफांनी दहा लाखांहून अधिक गोळे त्या कड्यावर ओतले होते. सैनिकांनी पिछाडीला आखलेल्या मैदानावर हल्ल्याची तालीम पुन्हा पुन्हा केली होती. एरवी अधिकाऱ्यांपुरते राहणारे नकाशे साध्या शिपायांच्या हातात दिले गेले होते. पुढे सरकणाऱ्या तोफमाऱ्याच्या पडद्यामागून किती पावलांनी चालावयाचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. १२ एप्रिलपर्यंत कडा हाती आला. त्यासाठी ३,५९८ कॅनेडियन मेले आणि सात हजारांहून अधिक जखमी झाले. ही माणसे शूर नव्हती, असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. ज्या देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत होती, त्या देशातून सहा लाखांहून अधिक माणसे गणवेषात गेली आणि साठ हजारांहून अधिक परत आली नाहीत. या आकड्यापुढे मान लववावीच लागते.

परंतु ‘राष्ट्रजन्म’ हा शब्द उच्चारताच काही साध्या गोष्टी दृष्टीआड होऊ लागतात. त्या कोअरचा सेनापती ज्युलियन बिंग हा इंग्रज होता. कॅनेडियन आर्थर करी तेव्हा पहिल्या डिव्हिजनचा प्रमुख होता. कोअरचे नेतृत्व त्याच्याकडे त्यानंतर, जून १९१७ मध्ये आले. अवजड तोफांचा मोठा भाग ब्रिटिश होता, आणि ब्रिटिश पायदळाची एक ब्रिगेडही हल्ल्यात होती. १९१४ साली कॅनडातून गेलेल्या पहिल्या तुकडीतील बहुसंख्य सैनिक ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. ज्या व्यापक मोहिमेचा विमी हा एक भाग होता ती अरासची मोहीम पुढे रुतली, आणि तिच्या जोडीने योजलेली फ्रेंच सेनापती निवेल याची मोहीम इतकी फसली की फ्रेंच सैन्यात बंडे झाली. शिवाय या कड्यावर पोहोचणारे हे पहिले सैन्य नव्हते. मे १९१५ मध्ये फ्रेंचांची मोरोक्कन डिव्हिजन तेथे चढली होती. मदत वेळेवर न आल्याने तिला मागे यावे लागले. तिचे स्मारक आजही कॅनडाच्या भव्य स्मारकाच्या शेजारीच उभे आहे. मोरोक्कोचा जन्म विमीवर झाला, असे मात्र अद्याप कोणी म्हटलेले नाही.

३

मग हे रूपक आले कोठून? जन्म १९१७ चा खरा, पण त्याची ठळक नोंद बऱ्याच उशिरा झालेली दिसते. ‘त्या काही मिनिटांत मी राष्ट्राचा जन्म पाहिला’ अशा आशयाचे जे विधान आज सर्वत्र फिरते, ते अलेक्झांडर रॉस या लढाईतील एका अधिकाऱ्याचे आहे, आणि ते एका पुस्तकाच्या प्रास्ताविकात १९६७ साली छापले गेले. लढाई होऊन पन्नास वर्षे लोटली होती. १९६७ हे कॅनडाच्या संघराज्याच्या शताब्दीचे वर्ष होते; सणाच्या घरात जन्मकथा लागतेच. त्याआधी १९३६ मध्ये वॉल्टर ऑलवर्ड या शिल्पकाराने अकरा वर्षे खपून उभारलेल्या विमीच्या स्मारकाचे अनावरण झाले होते. त्या स्मारकावर फ्रान्समध्ये पडलेल्या आणि ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ११,२८५ कॅनेडियन सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यातील मुख्य आकृती म्हणजे खाली मान घालून उभी असलेली, शोक करणारी स्त्री. ऑलवर्डने दगडात शोक कोरला. वाचणाऱ्यांनी पुढे त्यात जन्मोत्सव वाचला. पाठाचा अर्थ काळानुसार कसा उलटतो, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगण्यासाठी मिळणार नाही.

आता निवडीचा प्रश्न. कॅनेडियन कोअरचा सर्वांत परिणामकारक कालखंड कोणता, असे सैनिकी इतिहासकाराला विचारले, तर तो बहुधा १९१८ च्या अखेरच्या शंभर दिवसांकडे बोट दाखवील : ८ ऑगस्टला आमियें, मग द्रोकूर-केआँ, मग कनाल द्यू नॉर, मग काँब्रे. या लढायांनी युद्ध संपवण्यास हातभार लावला. त्यांत पंचेचाळीस हजारांहून अधिक कॅनेडियन जायबंदी झाले अथवा मेले. तेव्हा सेनापतीही कॅनेडियनच, आर्थर करी, होता. राष्ट्र लढाईतच जन्मत असेल तर ते येथे जन्मावयास हवे होते. ते का जन्मले नाही? कारण येथे एकच एक कडा नाही, एक सकाळ नाही, आणि पुनरुत्थानाचा सण नाही. विमीला चढण आहे, माथा आहे, माथ्यावरून दिसणारे पलीकडचे मैदान आहे, आणि ख्रिस्त कबरीतून उठल्याचा दुसरा दिवस आहे. म्हणजे ही निवड सैनिकी महत्त्वाने केलेली नसून प्रतिमांच्या सोयीने केलेली आहे. ती कवीची निवड आहे. कवीने ती खुशाल करावी. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने ती उसनी घेऊन ‘सर्वमान्य’ म्हणू नये.

हे आम्हीच प्रथम सांगतो आहोत असा आव आणण्याचे कारण नाही. कॅनडातच जोनाथन व्हान्स यांनी १९९७ मध्ये युद्धस्मृतीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. इयन मकाय आणि जेमी स्विफ्ट यांनी २०१६ मध्ये या दंतकथेवर थेट हल्ला चढवला. सैनिकी इतिहासकार टिम कुक यांनी २०१७ मध्ये लढाई आणि आख्यायिका वेगळी करून दाखवली. घरच्या माणसांनी सोडवण्यास घेतलेली गाठ आपल्याकडचे अभ्यासक मात्र अधिक घट्ट करीत आहेत, याची आम्हांला खंत वाटते.

४

एका ईस्टर सोमवारी राष्ट्र जन्मले असे क्षणभर मानू. मग नेमका पुढचा ईस्टर सोमवार पाहू.

१ एप्रिल १९१८. स्थळ क्वेबेक शहर. मधल्या वर्षात काय घडले होते? स्वेच्छेने भरती होणाऱ्यांचा ओघ आटला होता. पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी सक्तीच्या भरतीचा कायदा ऑगस्ट १९१७ मध्ये संमत करून घेतला. पाठोपाठ सप्टेंबरात निवडणुकीचा कायदा बदलला : सैनिकांच्या पत्नी, माता, भगिनींना मताधिकार दिला आणि शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या, १९०२ नंतर नागरिकत्व घेतलेल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. मत कोणत्या बाजूला पडेल याचा अंदाज घेऊन मतदार निवडण्याचे हे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे. डिसेंबरच्या निवडणुकीत बोर्डन विजयी झाले, परंतु क्वेबेकच्या ६५ पैकी ६२ जागा विरोधी लॉरिए यांच्याकडे गेल्या. त्यानंतर क्वेबेकच्या विधानसभेत फ्रांकर या सदस्याने मांडलेल्या ठरावावर चर्चा झाली : उर्वरित कॅनडाला आपण अडथळा वाटत असू, तर संघराज्यातून बाहेर पडण्यास क्वेबेक तयार आहे. ठराव मागे घेतला गेला, पण तो मांडला गेला हे विसरता येत नाही. विमीवर जन्मलेले बालक नऊ महिन्यांचेही झाले नव्हते, तोच घरात वाटणीची भाषा सुरू झाली होती.

मार्च १९१८ च्या अखेरीस, ईस्टरच्याच सप्ताहात, सक्तीच्या भरतीची कागदपत्रे तपासण्यावरून क्वेबेक शहरात दंगल उसळली. सरकारने ओंटॅरिओतून इंग्रजी बोलणारे सैनिक धाडले. ईस्टर सोमवारच्या रात्री त्यांनी जमावावर गोळीबार केला. चार नागरिक ठार झाले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी हे चौघे निर्दोष असल्याचे नोंदवून त्यांच्या कुटुंबांना भरपाई देण्याची शिफारस केली. भरपाई मिळाली नाही. त्या जागी स्मारक उभे राहिले ते १९९८ मध्ये, ऐंशी वर्षांनी.

सक्तीला विरोध हा केवळ फ्रेंच भाषकांचा हट्ट होता, अशी समजूत करून घेण्याचीही सोय नाही. पहिल्या वर्गात बोलावल्या गेलेल्या सुमारे चार लाख तरुणांपैकी दहांतल्या नवांहून अधिकांनी सूट मागितली, आणि त्यांत ओंटॅरिओचे शेतकरी होते, कामगार होते. म्हणजे ज्या राष्ट्राचा जन्म झाल्याचे सांगितले जाते, त्यातील बहुसंख्य तरुण त्या जन्माची पुनरावृत्ती करण्यास उत्सुक नव्हते. विमी आणि क्वेबेक हे दोन ईस्टर सोमवार एकाच युद्धाचे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी बंदुका कॅनेडियन सैन्याच्याच हातांत होत्या. पहिल्याची सनावळी पाठ करून दुसऱ्याचा उल्लेखही न करणारा अध्यापक रूपक शिकवीत नाही, रूपकाची चाकरी करतो.

५

आता आपल्या बाजूचा प्रश्न. विमीमुळे कॅनडाला व्हर्सायच्या तहावर स्वतंत्र सही करता आली आणि म्हणून तो राष्ट्र ठरला, हा युक्तिवाद आम्हांला त्या चर्चासत्राच्या चहापानात ऐकवला गेला. सही झाली हे खरे. परंतु २८ जून १९१९ रोजी त्याच तहावर भारताच्या वतीनेही सह्या झाल्या : एक भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि दुसरी बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. राष्ट्रसंघाच्या मूळ सदस्यांतही भारत होता. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सत्तर हजारांवर मेले. कॅनडाच्या मृतांहून ही संख्या अधिक आहे. रक्त हीच राष्ट्रत्वाची किंमत असती, तर आपण ती मोजून झालेली होती. बदल्यात मिळाला तो रौलट कायदा, आणि विमीच्या लढाईनंतर दोन वर्षांनी, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बाग.

रक्त सांडल्याने राष्ट्र जन्मते, हे सूत्र या एका तुलनेतच कोसळते. कॅनडाला स्वायत्तता मिळण्याची प्रक्रिया युद्धापूर्वीच सुरू झालेली होती, ती १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापर्यंत चालली; कॅनेडियन नागरिकत्व ही कायदेशीर गोष्ट तर १ जानेवारी १९४७ पर्यंत अस्तित्वातच नव्हती. विमीवर पडलेला प्रत्येक जण कायद्याने ब्रिटिश प्रजाजन म्हणून पडला. त्या दृष्टीने तो आणि फ्लँडर्समध्ये पडलेला भारतीय शिपाई एकाच राजाचे प्रजाजन होते. फरक होता तो प्रजाजन आणि प्रजाजन यांच्यात साम्राज्याने ठेवलेल्या पंक्तिभेदाचा.

तो पंक्तिभेद किती उघड होता, याची साक्ष कॅनडाचे आरमारच देते. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन व्हँकूव्हरच्या बंदरात आले. प्रवासी बहुतांशी शीख होते. सलग प्रवासाच्या अटीचे निमित्त काढून, मोजक्या जणांचा अपवाद वगळता, त्यांना दोन महिने उतरू दिले गेले नाही. २३ जुलैला जहाजाला बंदराबाहेर हाकलण्यासाठी ‘रेनबो’ ही युद्धनौका आणली गेली. कॅनडाच्या तेव्हाच्या नौदलात मोठ्या नौका दोनच होत्या; ही त्यांतली एक. बाराव्या दिवशी, ४ ऑगस्टला, साम्राज्य युद्धात उतरले. म्हणजे त्या उन्हाळ्यात कॅनडाच्या आरमाराने पहिले शौर्य गाजवले ते नि:शस्त्र भारतीयांसमोर. जहाज सप्टेंबरअखेर बजबजला पोहोचल्यावर तेथे गोळीबार झाला आणि अनेक प्रवासी मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणी माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी.

‘कोमागाता मारू’ हाकलले जाऊन वर्षही झाले नव्हते, तोच एप्रिल १९१५ मध्ये कॅनेडियन आणि भारतीय सैनिक ईप्रच्या रणांगणावर एकमेकांच्या शेजारी आले. २२ एप्रिलला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. त्याचा पहिला तडाखा अल्जीरियन आणि फ्रेंच तुकड्यांना बसला. उघड्या पडलेल्या बगलेवर कॅनेडियनांनी पाय रोवले. २४ तारखेला वायू थेट त्यांच्यावर आला, तेव्हा ओल्या फडक्यांनी तोंडे झाकून ते लढले. त्या लढाईत त्यांचे सहा हजारांहून अधिक जण मेले, जखमी झाले वा पकडले गेले. हे विमीपेक्षाही मोठे धैर्य होते, असे आमचे मत आहे. २३ तारखेला ज्या माउझर रिजवर कॅनेडियन बटालियन्स चढल्या आणि कापल्या गेल्या, त्याच उतारावर २६ तारखेला लाहोर डिव्हिजनला पाठवण्यात आले. तिलाही वायूने गाठले. काही दिवसांत तिची सुमारे ३,९०० माणसे कामी आली किंवा जायबंदी झाली. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. व्हँकूव्हरच्या धक्क्यावर जे एका रांगेत उभे राहू शकत नव्हते, ते ईप्रच्या उतारावर एकाच मरणात उभे होते. कॅनेडियन साहित्याची अभ्यासपत्रिका भारतात शिकवली जाते, तेव्हा तिचा आरंभ येथून का होऊ नये?

६

‘राष्ट्र जन्मले’ म्हणताना त्या राष्ट्रात कोणकोण होते, हेही विचारले पाहिजे. दोन सैनिकांची चरित्रे पुरेशी आहेत.

फ्रान्सिस पेगामागाबो हे ओजिब्वा समाजाचे. ऑगस्ट १९१४ मध्येच ते भरती झाले आणि अचूक नेमबाज म्हणून गाजले. मिलिटरी मेडल हे पदक त्यांना तीनदा मिळाले. परतल्यावर ते आपल्या समाजाचे मुखिया झाले आणि उर्वरित आयुष्य सरकारी ‘इंडियन एजंट’च्या मनमानीशी झगडण्यात गेले. १९५२ मध्ये ते वारले. राखीव वसाहतींतील मूलनिवासींना आपली ओळख न सोडता राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला १९६० मध्ये.

मासुमी मित्सुई हे जपानी वंशाचे. ब्रिटिश कोलंबियात जपान्यांना भरती करून घेत नसत, म्हणून ते आणि त्यांच्यासारखे दोनशेहून अधिक जण शेजारच्या आल्बर्टा प्रांतात जाऊन सैन्यात दाखल झाले. मित्सुई विमीला लढले. हिल ७० च्या लढाईत त्यांना पदक मिळाले. १९४२ मध्ये याच माणसाला शत्रुवंशीय म्हणून कुटुंबासह घरातून उठवून स्थानबद्ध केले गेले. तेव्हा आपली पदके अधिकाऱ्यासमोर जमिनीवर फेकून त्यांनी ती कशासाठी मिळवली होती, असे विचारल्याचे सांगतात. विमीला राष्ट्र जन्मले असेल, तर त्या प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या या माणसाचे त्या राष्ट्राशी नाते काय?

आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक नाव ध्यानात ठेवावे : डंकन कॅम्पबेल स्कॉट. कॅनडाच्या आद्य कवींमध्ये त्यांची गणना होते. हेच गृहस्थ १९१३ ते १९३२ या काळात मूलनिवासी व्यवहार खात्याचे सर्वोच्च प्रशासकीय अधिकारी होते. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या शाळांतील हजेरी सक्तीची करण्याची तरतूद १९२० मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाली. १९१९ मध्ये त्यांनी महायुद्धातील मूलनिवासी सैनिकांवर लेख लिहिला. त्यात शौर्याची स्तुती आहे, आणि युद्धामुळे बाहेरचे जग पाहिलेले हे सैनिक आता आपल्या जुन्या जीवनपद्धतीत परतणार नाहीत, असा संतोषही आहे. एकाच लेखणीतून गौरव आणि पुसून टाकण्याची योजना कशी उतरते, हे पाहावयाचे असेल तर हा लेख वाचावा. कविता चांगली लिहिणारा माणूस खात्याचा हुकूमही चांगला लिहू शकतो, हे आम्ही वर्गात सहसा सांगत नाही. सांगावयास हवे.

७

आता आमच्या स्वतःच्या घरातील केर. जॉन मॅक्रे यांची ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही कविता आपल्याकडे अनेक वर्गांत शिकवली जाते, आणि जवळजवळ नेहमी शांततेची कविता म्हणून. लाल फुले, पक्षी, कबरी, तरुण मृत. विद्यार्थी हळवे होतात, आपणही होतो, आणि घंटा वाजते. तिसरे कडवे नीट वाचले जात नाही. मॅक्रे हे तोफखान्याचे अनुभवी आणि पेशाने डॉक्टर होते. ईप्रच्या त्याच लढाईत, मे १९१५ मध्ये, एका मित्राचे दफन झाल्यावर त्यांनी ही कविता लिहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘पंच’ साप्ताहिकात ती छापून आली. तिच्या अखेरीस मृतांची मागणी शांततेची नाही. शत्रूशी चाललेले भांडण पुढे चालवा, नाहीतर आम्हांला झोप लागणार नाही, असे ते जिवंतांना बजावतात. पॉल फसेल यांनी १९७५ मध्येच या शेवटाची संभावना भरतीच्या जाहिरातीशी नाते सांगणारी भाषा म्हणून केली होती. आणि घडलेही तसेच : युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी आणि सक्तीच्या भरतीच्या बाजूने १९१७ मध्ये ही कविता राबवली गेली. म्हणजे पहिल्या ईस्टर सोमवारापासून दुसऱ्यापर्यंतच्या वाटेवर ही कविताही उभी आहे. मॅक्रे यांच्या दुःखाविषयी आम्हांला शंका नाही. जानेवारी १९१८ मध्ये ते स्वतःही त्याच युद्धाच्या सेवेत न्यूमोनियाने गेले. परंतु खऱ्या दुःखातून निघालेली कविताही माणसे खंदकात धाडण्याच्या कामी येते, हे न सांगता ती शिकवणे म्हणजे अर्धी कविता शिकवणे होय.

याच युद्धावर कॅनडातून दुसऱ्या प्रकारचे लेखनही झाले, पण ते अभ्यासक्रमात क्वचित भेटते. मॉन्ट्रियलच्या पलटणीत लढलेल्या चार्ल्स येल हॅरिसन यांची ‘जनरल्स डाय इन बेड’ ही कादंबरी १९३० मध्ये आली. तिच्यातले कॅनेडियन सैनिक उपाशी आहेत, उवांनी बेजार आहेत, अरास शहर लुटतात, आणि रुग्णनौका बुडवल्याची हकीकत ऐकवून चेतवले गेल्यावर शरण आलेल्या जर्मनांना मारतात. आर्थर करी या पुस्तकावर संतापले. त्याआधी दोनच वर्षे, १९२८ मध्ये, अखेरच्या दिवशी मॉन्स शहरासाठी विनाकारण माणसे मारवली असा आरोप छापणाऱ्या एका छोट्या गावच्या वृत्तपत्राविरुद्ध त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा जिंकला होता. मागितले होते पन्नास हजार डॉलर, मिळाले पाचशे. टिमथी फिंडली यांच्या ‘द वॉर्स’ या १९७७ च्या कादंबरीतला रॉबर्ट रॉस हा अधिकारी घोडे वाचवण्यासाठी हुकूम मोडतो. नायकाची सर्वांत मानवी कृती हीच सैन्याच्या दृष्टीने गुन्हा ठरते, आणि ती कहाणी आपल्यापर्यंत येते ती जुनी छायाचित्रे चाळणाऱ्या एका संशोधकाच्या चाचपडण्यातून. जोसेफ बॉयडन यांची ‘थ्री डे रोड’ ही २००५ ची कादंबरी दोन क्री नेमबाजांच्या नजरेने तेच खंदक पाहते. पुढे २०१६ च्या अखेरीपासून बॉयडन यांच्या मूलनिवासी वंशाच्या दाव्यावरच वाद उभा राहिला; तो वादही कादंबरीसोबत शिकवला पाहिजे, कारण कोणाच्या मरणाची गोष्ट कोणी सांगावयाची, हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल, की प्रत्येक समाजाला काही मिथके लागतात, त्यांना इतिहासाच्या कसोटीवर घासणे अरसिकपणाचे आहे. मिथके लागतात हे आम्ही मान्य करतो. परंतु मिथकाचे मोल कोण मोजतो, हे विचारण्याचा अधिकार रसिकतेच्या नावाखाली काढून घेता येत नाही. विमीच्या मिथकाचे मोल क्वेबेकच्या चार मृतांनी, मित्सुईंनी आणि पेगामागाबोंनी मोजले. आणि ‘युद्धाने राष्ट्र घडते’ हे सूत्र एकदा वहीत उतरले, की ते कॅनडापुरते राहत नाही; आपल्या विद्यार्थ्याला ते आपल्याही घरी लागू पडेलसे वाटू लागते. आपल्यालाही एखादी विमी हवी, असा सूर महायुद्धाच्या शताब्दीच्या वर्षांत आपल्याकडे ऐकू आला होताच.

आपल्याकडे विमी नाही. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, कूत येथे, पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि कैदेत असंख्य माणसे मेली. आमच्या अध्यापनाच्या काळात एकाही मराठी अभ्यासपत्रिकेत आम्हांला कूत भेटले नाही. भेटतात त्या साताऱ्या-रत्नागिरीकडच्या गावांतील छोट्या संगमरवरी पाट्या : या गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली, इतकी परत आली नाहीत. विमीच्या दगडावर अकरा हजारांवर नावे आहेत. आमच्या पाट्यांवर आकडा आहे, नाव नाही. हा फरक भरून काढण्यासाठी त्या पाटीवर एखादे राष्ट्र जन्माला घालण्याची गरज नाही. नावे शोधण्याची गरज आहे.

पुढील सत्रात आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना दोन कामे देणार आहोत. पहिले : मॅक्रे यांची कविता तिसऱ्या कडव्यासकट वाचून, ती १९१७ च्या डिसेंबरात क्वेबेकमधल्या एखाद्या तरुणाला कशी ऐकू आली असेल ते लिहिणे. दुसरे : आपल्या गावच्या पाटीवरील आकड्यातले एक तरी नाव शोधून आणणे. त्या चर्चासत्रातील वक्त्यांनाही आमचे हेच निमंत्रण आहे.